सुतारकाकांच्या तीन मुठी

सुतारकाकांची आणि माझी ओळख एका दोरीवरून झाली. जर्मनीत बॉबलिंगेनला राहायला जाऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. एप्रिलमधला शनिवार होता. मी दुसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत उभी राहून फोनवर आईशी भांडत होते, म्हणजे आम्ही नेहमीसारखं बोलत होतो. तेवढ्यात खालून एक चेंडू उडत आला आणि माझ्या पायाशी पडला. चेंडूला सुतळी बांधलेली. वाकून पाहिलं तर तळमजल्यावरच्या बागेत निळा डगला घातलेला एक सावळा, उंच म्हातारा मान वर करून उभा. मी घाईघाईनं जर्मन वाक्य जुळवायला लागले, तर खालून शुद्ध मराठीत उत्तर आलं, "आईशी बोलून घ्या आधी. घाई न्हाई. मग तेवढी दोरी कठड्याला बांधा."

गोविंद सुतार. मूळचे इचलकरंजीचे. सत्तरच्या दशकात लेथवर काम करायला इकडे आले आणि एका मशीन-शॉपमधून निवृत्त होईपर्यंत इथेच राहिले. त्यांची मराठी त्यांनी आणली तशीच ठेवली होती, फक्त वाक्यांच्या फटीत जर्मन शिरलं होतं. "या, गेनाऊ," म्हणजे 'हो, अगदी बरोबर', असं म्हणून मान डोलवायचे आणि लगेच "लई बेस करतीस बघ," म्हणायचे. पहिल्या दिवशी मला अहो-जाहो केलं, दुसऱ्या दिवशी मी पुण्याची आणि पस्तिशीच्या आतली आहे हे कळल्यावर 'पोरी'वर आले.

दोरी होती हॉप्सच्या वेलीसाठी. बिअरला जो कडवटपणा आणि वास असतो तो या वेलीच्या बोंडांचा, हे मला तेव्हाच कळलं. ही वेल उन्हाळ्यात घराएवढी उंच होते आणि हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरून जाते. खाली मुळं तेवढी जिवंत राहतात. काकांची वेल त्यांच्या बायकोच्या माहेरची होती. इर्मगार्ड, म्हणजे काकांच्या तोंडी इर्माबाई, टेटनांगकडच्या एका हॉप्सवाल्या शेतकऱ्याची मुलगी. लग्नानंतर तिनं बापाच्या शेतातलं एक मूळ ओल्या फडक्यात गुंडाळून आणलं आणि या बागेत लावलं. दर शरदात ती स्वयंपाकघरात वीसेक लिटर बिअर करायची.

'करायची' म्हणण्याचं कारण, मी राहायला गेले तेव्हा इर्माबाई तिथे नव्हत्या. चार बसस्टॉप पलीकडच्या एका वृद्धाश्रमात होत्या. त्यांना विस्मरणाचा आजार झाला होता. मूलबाळ नव्हतं. काका रोज दुपारी दोनला त्यांच्याकडे जायचे, बगलेत एक करड्या रंगाची फाइल घेऊन. मला वाटायचं बिलांची वगैरे असेल. एकदा विचारलं, तर त्यांनी फाइल उघडून दाखवली. आत काहीच नव्हतं.

"तिला वाटतंय मी क्रांकेनकासंचा मानूस हाय," ते म्हणाले. "आजारपणाच्या विम्याचा. चौकशीला येतोय रोज. मोकळ्या हातानं गेलो तर घाबरती, ह्यो कोन परका मानूस खोलीत शिरला म्हनून. फाइल बघितली की बसा म्हनती."

असं म्हणून हसले. ते हसले म्हणून मीही हसले, आणि वर जाऊन भांडी घासताना मला रडू आलं.

त्या पहिल्या वर्षी काकांनी मला कामाला लावलं. त्यांना डोळ्यांच्या तपासणीसाठी दिवसभर जायचं होतं. जाताना म्हणाले, "कोंब वर आल्यात. तेवढं दोरीला गुंडाळ." मी मोटारीच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. एखादं काम सांगितलं की ते मी नीटच करते, निदान माझी तशी समजूत आहे. आमच्या अंगणात आई घेवड्याच्या वेली चढवायची तशी मी एकेक कोंब सुबकपणे दोरीभोवती फिरवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सगळे कोंब दोरी सोडून जमिनीवर लोळत होते. काका कमरेवर हात ठेवून उभे.

"देवळात उलटी प्रदक्षिणा घालतीस काय गं?"

मला कळेना. मग त्यांनी एक कोंब उचलला आणि दोरी उजव्या हाताला ठेवून फिरवला, देवाभोवती आपण फिरतो तसा. हॉप्स त्याच दिशेनं चढतात. घेवडा उलटा चढतो. बळंच फिरवलं तर हॉप्स रात्रीतून स्वतःला सोडवून घेतात. "इर्माला मी प्रदक्षिनेचं सांगितलं तवा लई खूश झाली," काका म्हणाले. "लग्नानंतर गावी नेली हुती तिला, देवळात सगळ्यांच्या आधी बरोबर बाजूनं फिरली. म्हनाली, होप्फनची वेल जाती तशी गेले."

प्रत्येक दोरीवर दोन-तीनच कोंब चढवायचे, बाकीचे खुडायचे. त्या खुडलेल्या कोंबांची काका पीठ पेरून भाजी करायचे, लसूण घालून. तशी भाजी मी नंतर कुठेही खाल्ली नाही. इमारतीत लोक त्यांच्या भाजीवर खूश होते. बिअरवर कोणीच नव्हतं. काकांची बिअर इतकी कडू असायची की पहिल्या मजल्यावरच्या बाई हसतमुखानं ग्लास घ्यायच्या आणि काकांची पाठ वळली की कुंडीत ओतायच्या. त्यांचं जिरेनियम मात्र छान फुलायचं. मी पहिल्यांदा प्यायले तेव्हा लहानपणी आई जबरदस्तीनं पाजायची तो काडेचिराइताचा काढा आठवला. काका स्वतः घोटभरच घ्यायचे. त्यांना बिअर कधी आवडलीच नव्हती.

"मग एवढा खटाटोप करता कशाला?" मी एकदा विचारलं. आम्ही बागेत बसून बोंडं तोडत होतो. तोडलेलं बोंड चिमटीत चुरडलं की आतली पिवळी भुकटी बोटांना चिकटते, आणि तिचा वास दोन दिवस जात नाही.

काकांनी हातातलं बोंड चुरडून हुंगलं. मग म्हणाले, "वर्षातनं एकदा ती मला वळखती."

मी हातातलं काम थांबवलं.

"नव्या बिअरची पहिली बाटली तिची. ती फोडायच्या आधी कुनी चव घ्यायची न्हाई. एक घोट घेती, माझ्याकडं बघती, माझं नाव घेती आनि एक वाक्य बोलती. मग परत मी क्रांकेनकासंचा."

"काय बोलतात?"

"असतंय काहीतरी," ते म्हणाले, आणि चक्क लाजले. सत्तरी उलटलेला माणूस लाजला की पुढे विचारवत नाही. मी माझ्या मनानं ठरवून टाकलं, की ती म्हणत असणार, छान झालीय, गोविंद.

माझ्या आईचं माझ्याबद्दल एक कायमचं म्हणणं आहे, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. लहानपणी मी तिची शिवणयंत्रं, घड्याळं दुरुस्त करायला घ्यायचे, तेव्हापासूनचं. ते इथे सांगावंच लागतं.

इर्माबाईंची एक वही होती. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी त्यांची खुर्ची, खुर्चीशेजारच्या फळीवर वजनकाटा आणि काट्याखाली ती वही. बारीक, उभट अक्षरात सगळं लिहिलेलं: पाणी किती, माल्ट म्हणजे मोड काढून वाळवलेले जव किती, उकळी किती वेळ, आणि उकळीच्या सुरुवातीला हॉप्स पंचवीस ग्रॅम. काका त्या वहीकडे ढुंकूनही बघत नसत. उकळी आली की वाळवलेल्या बोंडांच्या डब्यात हात घालायचे आणि तीन मुठी टाकायचे. लेथवर आयुष्य काढलेल्या माणसाची मूठ. एका वर्षी मी गंमत म्हणून त्यांच्या तीन मुठी आधी काट्यावर टाकायला लावल्या, तर काटा साठ ग्रॅमपर्यंत गेला.

"काका, दुपटीपेक्षा जास्त होतंय!"

"या, गेनाऊ," काका समाधानानं म्हणाले आणि सगळं पातेल्यात ओतलं.

मला वाटलं, म्हाताऱ्याला मापाचं अंग नाही.

दोन हजार पंधराच्या सप्टेंबरात बोंडं उतरवताना काका शिडीवरून पडले. उजवं मनगट मोडलं, खांदा दुखावला. प्लास्टर झालं, वेदनाशामक गोळ्या सुरू झाल्या. पडल्या पडल्या त्यांना एकच घोर लागला होता, की यंदाची बिअर कोण करणार. आदल्या वर्षी इर्माबाईंनी वाक्य बोलायला बराच वेळ घेतला होता. तिसऱ्या घोटानंतर कुठे त्यांना नाव सापडलं होतं. काका म्हणाले, "पुढच्या सालाचं काय सांगता येत न्हाई, पोरी. यंदा व्हायलाच पायजे."

मी म्हटलं, मी करते.

शनिवारी सकाळी आम्ही चूल मांडली. काका इर्माबाईंच्या खुर्चीत बसून मला सूचना देत होते. माल्ट गाळून झालं, गोड पाणी पातेल्यात चढलं. ते उकळायला बराच वेळ लागतो. मधेच काका म्हणाले, "उकळी आली की माझ्या हिशोबानं तीन मुठी. तुझा हात ल्हान हाय, पाच घाल." एवढं बोलून गोळीच्या गुंगीत ते तिथेच पेंगले.

उकळी आली. माझ्यासमोर डबा होता, काटा होता आणि वही होती. मी विचार केला, ज्या बाईला हे प्यायचं आहे तिनं स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय. निदान या वर्षी तिला तिची बिअर मिळू दे. तिची चव जिभेला लागली तर कोण जाणे, एका वाक्याऐवजी चार बोलेल. मी पंचवीस ग्रॅम मोजले. एक बोंड जास्त झालं होतं, ते परत डब्यात टाकलं.

थोड्या वेळानं काका जागे झाले. "घातलंस?"

"घातलं."

"पुरतं?"

"हो," मी म्हणाले. मनात म्हटलं, सांगू नंतर. बाई खूश झाल्या की सांगू.

एक नोव्हेंबरला सुट्टी असते. मेलेल्या माणसांच्या थडग्यांवर लोक फुलं ठेवायला जातात. त्या दिवशी आम्ही वृद्धाश्रमात गेलो. काकांचा एक हात गळ्यातल्या झोळीत, दुसऱ्या बगलेत रिकामी फाइल. बाटली माझ्याकडे. काकांनी दाढी घोटून केली होती आणि लग्नातला म्हणून जपलेला टाय घातला होता. तो मलाच बांधावा लागला.

इर्माबाई खिडकीशी बसल्या होत्या. लहानशा, स्वच्छ, केस नीट विंचरलेले. फाइल बघून त्यांनी बसा म्हटलं. काकांनी छोट्या ग्लासात बिअर ओतली, फेस बसू दिला आणि त्यांच्या हातात ग्लास दिला. मग खुर्ची पुढे ओढून, गुडघे जुळवून बसले. शाळेत निकालाच्या दिवशी मुलं बसतात तसे.

इर्माबाईंनी घोट घेतला. चेहरा उजळला. मी अभिमानानं काकांकडे बघितलं. बाईंनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला, ग्लास संपवला. रुमालानं ओठ टिपले. काका आणखी पुढे वाकले.

"झेअर गूट," इर्माबाई म्हणाल्या. फारच छान. मग परक्या पाहुण्याशी बोलावं तशा आदबीनं काकांना म्हणाल्या, "तुम्ही घरची आणलीत ना? तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा. हात चांगला आहे त्यांचा."

काकांनी मांडीवरची फाइल सरळ केली. मग म्हणाले, "सांगतो."

त्यांनी बाटलीतली उरलेली बिअर त्याच ग्लासात ओतली आणि चव घेतली. माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"किती घातलंवतंस?"

"पंचवीस ग्रॅम. वहीप्रमाणे."

"इर्माचीच हाय," ते म्हणाले. "अगदी इर्माची."

बसस्टॉपवर बाकावर बसल्यावर त्यांनी सांगितलं. लग्नानंतरच्या पहिल्या शरदात इर्माबाई बाहेर गेल्या असताना काकांनी बोंडं मुठीनं टाकली होती, त्यांची आई डाळीत मीठ टाकायची तशी. बिअर कडूजहर झाली. इर्माबाईंनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाल्या, "गोविंद, व्हीडर त्सू फील." पुन्हा जास्त. खरं तर पहिलीच वेळ होती, पण त्यांना तांदळापासून साबणापर्यंत सगळंच काकांनी जास्त घातलेलं दिसायचं, म्हणून 'पुन्हा'. पुढच्या वर्षापासून त्या वजन करून डबा ठेवायच्या आणि काका त्यांची पाठ वळली की आणखी मुठी टाकायचे. दर वर्षी पहिला घोट, दर वर्षी तेच वाक्य.

"भांडायला तेवढं एकच कारन हुतं आमच्याकडं," काका म्हणाले. "ते मी जपून ठेवलंतं. ती समदं विसरली, पोरी. लग्न विसरली, बा विसरली. मला रागं भरायचं तेवढं ऱ्हायलंतं."

मला तोंड वर करवेना. मी माफी मागायला लागले, तर त्यांनी चांगला हात माझ्या डोक्यावर ठेवला. "असूदे. चांगलीच केलीस तू. लई चांगली केलीस, तेच झालं."

दुसऱ्याच दिवशी आम्ही पुन्हा पातेलं चढवलं. यंदाची बोंडं अजून शिल्लक होती. उकळी आल्यावर काकांनी डाव्या हातानं मुठी टाकल्या, तीन नाही, चार. मी काट्याकडे बघितलंसुद्धा नाही. आता बिअर तयार व्हायला सहा आठवडे. काका कॅलेंडरवर खुणा करत होते आणि मी त्या खुणा रोज मोजत होते.

चौथ्या आठवड्यात इर्माबाईंना न्यूमोनिया झाला. त्यातून त्या उठल्या, पण गिळणं गेलं. बाटली घेऊन आम्ही गेलो तेव्हा नर्सनं मान हलवली, घोट देता येणार नाही. मग तिला काय वाटलं कोण जाणे, ती आत गेली आणि काडीला लावलेला मऊ बोळा घेऊन आली. तो बिअरमध्ये बुडवून ओठांना लावा म्हणाली.

काकांचं प्लास्टर निघालं होतं. त्यांनी बोळा इर्माबाईंच्या ओठांवरून फिरवला. एकदा, दोनदा. खोलीभर तो कडवट हिरवा वास पसरला. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. काका कितीतरी वेळ त्यांच्या तोंडाशी कान नेऊन वाकलेले राहिले.

"आठी पडली कपाळाला," अचानक ते म्हणाले. "बघितलीस? रागावली. बघितलीस न्हवं?"

"बघितली," मी म्हणाले. खरं सांगायचं तर मी सगळा वेळ काकांकडेच बघत होते.

नाताळच्या आधी इर्माबाई गेल्या. काकांनी ती करडी फाइल त्यांच्याबरोबर शवपेटीत ठेवायला दिली. अंत्यविधी करणाऱ्या माणसानं उघडून बघितलं आणि ही रिकामी आहे, असं हळूच सांगितलं. काका म्हणाले, ठाऊक हाय.

मला वाटलं, आता वेल संपली. पण एप्रिलमध्ये चेंडू पुन्हा माझ्या बाल्कनीत आला. काकांचा खांदा पुरता सुधारला नव्हता, हात दोरीमागून फिरवता येत नसे. म्हणून ते कोंब बोटात धरून स्वतःच दोरीभोवती फिरायचे, दोरी उजव्या हाताला ठेवून. मी वरून बघत राहायचे. सप्टेंबरात त्यांनी मला खाली बोलावलं. उकळी आली, त्यांनी तीन मुठी टाकल्या आणि रिकामा हात पातेल्यावर तसाच धरून ते उभे राहिले. मला ती शांतता सोसवली नाही. मी म्हणाले, "काका, पुन्हा जास्त घातलंत!"

त्यांनी वळून बघितलं. रागावले नाहीत. पण इतक्या हळू आवाजात बोलले, की मला ते अजून ऐकू येतं.

"ते तू नको म्हनूस, पोरी."

मी खाली मान घातली. माझ्या आगाऊपणाला औषध नाही, हे त्या दिवशी मला दुसऱ्यांदा कळलं.

त्यानंतरच्या वर्षी मला ड्रेस्डेनला नोकरी मिळाली. सामान बांधून झालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी सकाळी निरोप घ्यायला खाली गेले तर दार उघडंच होतं आणि घरभर माल्टचा गोड वास. काका एकटेच पातेल्यापाशी होते. पाठमोरे, तोच निळा डगला. मी दारातच थांबले. उकळी आली. त्यांनी डब्यात हात घातला. एक मूठ, दोन, तीन. मग मान किंचित खिडकीकडे वळवली, जिथे इर्माबाईंची खुर्ची होती, आणि थांबले.

मी काही बोलले नाही. खुर्ची रिकामी होती, काट्याखाली वही होती, पातेल्यातून वाफ येत होती. बराच वेळ गेला. मग त्यांनी पळी घेतली आणि ढवळायला लागले.